बिनधुराचा राब

१८ मार्च
आजपासून रोजनिशी. माधुरी मॅडम म्हणाल्या, फील्डवरच्या माणसाने रोजचं डॉक्युमेंटेशन ठेवलं पाहिजे. त्यांना द्यायचं ते ऑफिसच्या लॅपटॉपवर. हे माझं, खासगी.

तर मी आता प्रकल्प समन्वयक. विभाग हवामान न्याय, युवा व वंचित सहभाग. संस्था कल्याणची, माझं टेबल शहापूरला, घर सापगावला. पगार सांगण्यासारखा नाही, पण व्हिजिटिंग कार्ड छान आहे. कुणालीला दाखवलं. म्हणाली, सुयोग, ह्याच्यात तुझं नाव सगळ्यात बारीक अक्षरात आहे. बायकोला फॉन्ट दिसतो, व्हिजन दिसत नाही.

टार्गेट एकच. जुलैत ठाण्याला युवा हवामान न्याय परिषद. तिथे डोळखांबकडच्या पाड्यावरचं एक तरुण पोर स्टेजवर उभं राहून बोललं पाहिजे. मॅडम म्हणतात, नुसतं बोलून उपयोग नाही, त्याने काहीतरी केलेलं पाहिजे. स्टोरी पाहिजे.

संकल्प: दर मंगळवारी पाडा. चहात साखर बंद. त्यांची बोली शिकणे. आपण कमी बोलणे, त्यांचं जास्त ऐकणे.

२६ मार्च, मंगळवार
पाड्यावर पहिली मीटिंग. तुफान गर्दी! मी टाकलेल्या मेसेजचा परिणाम. (कुणीतरी म्हणालं, शिमग्याला सगळे वीटभट्टीवरून घरी आलेत, परवा परत जातील. तोही एक फॅक्टर असेल.)

हवामान न्याय समजावून सांगितला. ज्यांनी जगात सगळ्यात कमी धूर केला त्यांच्याच डोक्यावर उन्हापावसाचा सगळ्यात जास्त तडाखा, हा अन्याय, म्हणून आधी त्यांचं ऐकलं पाहिजे. बोलता बोलता माझेच डोळे भरून आले. सगळा वेळ मीच घेतला, पण विषयच तसा आहे.

शेवटी एकच मुलगी उठली. रविना, अकरावीला आहे. म्हणाली, सर, वंचित म्हणजे कोण? म्हटलं, तुम्ही. ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, मंग आमी काय करायचा? अख्ख्या पाड्यात हा एकच प्रश्न. लीडरशिप!

नंतर तिच्या घरी चहा. (साखरेचा. पाहुणचार नाकारायचा नसतो.) बाप चांगो, आई भिमी. मागे एकदा भात कमी पिकलं तेव्हा सगळं घर भट्टीवर गेलं आणि रविनाची शाळा वर्षभर बुडाली. गेल्या खेपेला भात पुरलं, म्हणून यंदा कुणी भट्टीवर गेलं नाही, घर उघडं राहिलं आणि ती कॉलेजला बसली. आता बारावी. चांगो म्हणाला, भात घरात आला का पोरगी शिकंल, नाय आला का भट्टी. मी लगेच नोट केलं: फूड सिक्युरिटी आणि गर्ल एज्युकेशन यांचा परस्परसंबंध.

२ एप्रिल
पाड्यावर गेलो नाही. ऊन. हवामान बदलाचा खरा फटका फील्ड स्टाफला बसतो, ह्यावर कोणी बोलत नाही.

९ एप्रिल
गुढीपाडवा. सुट्टी. साखर उद्यापासून.

१२ एप्रिल, दुपार
सापडली! स्टोरी सापडली!

डोळखांबहून येताना डोंगरउतारावर ठिकठिकाणी धूर. राब भाजणं चाललंय. मॅडमना फोनवर समजावलं ते इथेही लिहून ठेवतो: भाताची रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, झाडांच्या छाटलेल्या फांद्या पसरायच्या, वर थोडी माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. गवताचं बी जळून जातं, राख मिळते, मग पावसाळ्याच्या तोंडावर त्याच जागी भात पेरायचं. तो राब. आमच्याकडे सगळेच करतात, कुणाला त्यात कधी विशेष वाटलं नाही. पण धूर म्हणजे कार्बन!

मॅडम इतक्या खूश की पहिल्यांदाच सुयोगजी म्हणाल्या. एक तरुण आदिवासी मुलगी ठरवते, आमच्या घरचा राब यंदा भाजायचा नाही. त्याऐवजी संस्थेचं जैविक खत. नाव मी सुचवलं, बिनधुराचा राब. मॅडमनी ते लगेच लिहून घेतलं.

१६ एप्रिल, मंगळवार
मंगळवार पाळला.

रविनाच्या घरी प्रस्ताव मांडला. अंगणात तोडलेल्या फांद्या रचून ठेवलेल्या, म्हणजे मी वेळेवर पोचलो. भिमीताई म्हणाली, राब नाय भाजला तर गवत माजंल, भात दिसायचा पन नाय. मी चांगोकडे वळलो. म्हटलं, दादा, खताच्या गोण्या पेरणीआधी दारात येतील, माझा शब्द. गवताचं संस्था बघेल. संस्था पाठीशी आहे. तो म्हणाला, सायेब, तुमी शिकलेले. पन ह्या भातावर आमचा वरीस जातो.

मग रविना बोलली. बापाला म्हणाली, एक वर्स करून तर बघू. सर बोलतात तिथं आपला ऐकतील. आपला कुनी कदी ऐकलाय का? चांगोने तिच्याकडे बघितलं आणि हो म्हणाला. मला नाही, तिला म्हणाला. हाच तर सहभाग! मी कुठेही दबाव टाकला नाही. प्रोसेस पूर्ण लोकशाही.

२१ एप्रिल, रविवार
घरचा राब बाबांनी आज भाजला. मी विरोध नोंदवला. बाबा म्हणाले, मंग औंदा भात तुझ्या मॅडमकडून आन. विचार केला तर आमचं घर प्रोजेक्ट एरियात येतच नाही. टार्गेट ग्रुपमध्येही नाही. सुरुवात वंचितांपासून करायची असते, हे कुठल्याही ट्रेनिंगमध्ये सांगतात. आग बांधाबाहेर जाऊ नये म्हणून मी ओलं गोणपाट घेऊन उभा होतो, पण ती सेफ्टी झाली, सहभाग नाही.

३० एप्रिल
युवा हवामान मंडळाचा ग्रुप उघडला. पाड्यावरची सगळी पोरं ॲड केली. मेसेज टाकला, आपलं भविष्य आपल्या हातात. सगळ्यांना एकच टिक. पोरं भट्टीवर, पाड्याला टॉवर नाही. रविनाला टेकडीवर चढलं की रेंज मिळते, तिने अंगठा पाठवला. शंभर टक्के प्रतिसाद म्हणता येईल, जे ऑनलाइन होते त्यांच्यापैकी.

७ मे
फोटोसेशन. सगळ्यांचे राब काळे, रविनाचा तेवढा लाल मातीचा. मध्ये बोर्ड: मी धुराला नाही म्हटलं. तिने बाजारातून आणलेला ड्रेस घातला होता, पण फोटोग्राफरला साडी हवी, मग आईची नेसवली. शेजारची अंबूबाई म्हणाली, चांगोचा राब आंघोळ करून बसलाय गो! सगळा पाडा हसला. रविना नाही हसली. बोर्ड सरळ धरून उन्हात उभी राहिली. बराच वेळ, कारण फोटोग्राफरला ढग हवा होता.

मुलीत जिद्द आहे. निवड माझी.

साखर अर्ध्या चमच्यावर आली. प्रगती.

२८ मे
खताच्या गोण्या शहापूरच्या ऑफिसात आल्या! आता फक्त पाड्यावर न्यायच्या. टेम्पोची मंजुरी कल्याणहून यायचीय. तोवर माझ्या टेबलाशेजारी रचल्यात. वास येतो, पण नैसर्गिक आहे.

१४ जून
रविनाचा फोन. टेकडीवरून. पेरायचा टाइम झाला, बाबा थांबलाय, गोण्या कदी येतील? म्हटलं, पेरा तुम्ही, मागाहून घातलं तरी चालतं. (चालत असावं. बाबांना विचारलं नाही, उगाच चार शब्द ऐकून घ्यावे लागले असते.)

संध्याकाळी मॅडमचा मेसेज. गोण्या हलवू नका, परिषदेच्या स्टॉलवर रचायच्यात, बॅकग्राउंड ऑथेंटिक दिसेल. बरोबर आहे. पाड्यावर नेल्या तर एका घराला खत. स्टॉलवर ठेवल्या तर हजार लोकांना प्रेरणा.

२५ जून, मंगळवार
पाड्यावर. राब हिरवागार! गच्च! तिथूनच फोटो पाठवला, मॅडमनी बदाम पाठवले.

भिमीताई आणि रविना राबात उकिडव्या बसून गवत उपटत होत्या. सकाळपासून. भाताचा आणि गवताचा रंग एक, उंची एक. भिमीताईने मूठभर उपटून माझ्यासमोर धरलं, त्यात भाताच्या काड्या शोधाव्या लागल्या. मी शेतकऱ्याचा मुलगा, मला फरक कळतो. पण फोटोत कळत नाही, हा मुद्दा.

रविनाची बोटं चिरलेली. म्हणाली, सर, थोडाच ऱ्हायलाय, काढतो आमी. थोडंच नव्हतं. म्हटलं, शाब्बास. भाषणात ह्या बोटांचा उल्लेख टाकायचा.

२ जुलै
लावणी सुरू झाली आणि चांगोकडे लावायला रोपं नाहीत. शेजाऱ्यांनी आपल्यातली थोडी दिली, त्यात भाताचं एक खाचर लावून झालं. बाकीची पाणी भरून उघडी पडलीत. रविनाने फोनवर सांगितलं. रडत नव्हती. सांगत होती.

चिंता नाही. आमच्याकडे रोपं उरलीत. मी विषय काढायच्या आत, फोन ऐकलेले बाबाच म्हणाले, ने त्या पोरीकडे, पन लगेच ने रे, रोप थांबत नाय. किती साधा उपाय! समस्या मोठी दिसते, समन्वय केला की सुटते. रविवारी टेम्पो करून नेतो.

७ जुलै, रविवार
आज जमलं नाही. कल्याणला परिषदेची रिहर्सल. रविनाला लावणीतून बोलावून घेतलं. आल्या आल्या म्हणाली, सर, जाताना सापगाववरून रोपं घेऊन जाऊ का? म्हटलं, आधी भाषण.

भाषण तिने स्वतः लिहून आणलं होतं. वाईट नव्हतं, पण सगळं भाताचंच. गवत माजलं, खाचरं उघडी, गोण्या आल्या नाहीत, भात नाय झाला तर माझी बारावी जाईल. मॅडम म्हणाल्या, टोन निगेटिव्ह आहे. मग मी तिथेच बसून नवीन लिहून दिलं. पहिलं वाक्य, मी निसर्गाची लेक. तिने विचारलं, माझावाला कुठंच नाय घ्यायचा का? म्हटलं, भावना तुझ्याच आहेत, शब्द फक्त माझे. ती पाठ करायला बसली. उच्चार सुधारण्यात संध्याकाळ झाली. रोपं राहिली.

१४ जुलै, रविवार
परिषद. ऐतिहासिक दिवस.

प्रमुख पाहुणे उशिरा आले, त्यामुळे वंचितांचा आवाज हे सत्र जेवणानंतर ढकललं, मग समारोपाच्या आधी, शेवटी आभारप्रदर्शनात बसवलं. रविनाचं नाव घेतलं, ती उभी राहिली, टाळ्या पडल्या. बोललो मी, तिच्या वतीने. वेळ कमी होता, ती अडखळली असती. मी निसर्गाची लेक हे वाक्य माझ्या तोंडून जरा कसंसंच वाटलं, पण हॉल शांत. पुढच्या रांगेत एक बाई रडल्या. चिरलेल्या बोटांवर तर टाळ्या.

स्टॉल सुंदर. गोण्यांसमोर सगळ्यांनी सेल्फी काढले.

परतीच्या गाडीत रविना खिडकीकडे तोंड करून बसली होती. भारावली असावी. शहापूरला उतरताना एवढंच म्हणाली, सर, ते रोपांचा? म्हटलं, उद्या.

१६ जुलै, मंगळवार
अंग दुखतंय. पोस्टला भरपूर लाइक. बाबा म्हणाले, रोप हातचं चाललंय, तुला कळतंय का? बाबांना प्रत्येक गोष्टीची घाई.

२१ जुलै, रविवार
रोपं नेली! बोललो ते केलं.

पहाटेपासून कुणाली नि बाबांनी उपटून मुठी बांधून दिल्या. पाड्यावर चांगो एकटाच. मायलेकी दुसऱ्यांच्या लावणीला मजुरीवर गेलेल्या. त्याने एक मूठ सोडली, एक रोप हातात धरून मुळापासून शेंड्यापर्यंत बघितलं. म्हणाला, निबार झालाय सायेब. ह्याला फुटवा नाय यायचा. मी म्हटलं, लावून तर बघा. त्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, तुमी येवढ्या लांबून आनलाव, तर लावतो. आणि खरंच चिखलात उतरला.

एकटाच वाकून लावत होता. मी बांधावर. उतरावंसं वाटलं, पण पँट ऑफिसची होती.

९ ऑगस्ट
आदिवासी दिन. रविनाचा बोर्डवाला फोटो पुन्हा पोस्ट केला. संस्थेच्या पुढच्या कॅलेंडरवरही तोच येणार आहे, मे महिन्याच्या पानावर. तिला कळवलं नाही, सरप्राइज.

१३ ऑगस्ट
मंगळवार, पण गेलो नाही. रस्त्यात दरड पडलीय. (दरड मुरबाडच्या बाजूला, वैशाखऱ्याजवळ. माझ्या वाटेवर नाही. पण पडली तर आहे.)

१० सप्टेंबर
अहवाल पूर्ण. बिनधुराचा राब, एक यशोगाथा. उत्पादन ह्या रकान्यात लिहिलं, प्रक्रिया सुरू. ह्यात खोटं काही नाही.

रविनाचा मिस्ड कॉल. उद्या करतो.

१९ सप्टेंबर
फोन करायचा राहिला. तिचाही परत आला नाही. म्हणजे तिचं काम झालं असणार.

२९ ऑक्टोबर
घरात नवं भात आलं. कुणालीने नव्या तांदळाचा भात केला, ओटीवर वास आला. जेवताना बाबांनी विचारलं, त्या पोरीच्या घरी किती झाला रे? म्हटलं, ठीक. बाबांनी परत विचारलं, ठीक म्हंजे किती? म्हटलं, विचारून सांगतो. मी ताट अर्धंच ठेवून उठलो. पित्त झालं असावं, साखर एकदम कमी केल्यामुळे.

दिवाळी झाली की पहिलं पाडा. नक्की.

२६ नोव्हेंबर, मंगळवार
मॅडमना वर्षअखेरीसाठी रविनाचा व्हिडिओ हवा, ती आता काय करते वगैरे. पाड्यावर गेलो. दार ओढून घेतलेलं, कडीला दोरी बांधलेली. खाचरांपैकी एका खाचरात तेवढे कापलेल्या भाताचे खुंट. बाकीच्यांत गवत, गुडघ्याएवढं, वाळलेलं.

अंबूबाई पलीकडच्या अंगणात बसली होती. म्हणाली, ती भट्टीवर गेली ना सगळी, पडघ्याकडं. दिवाळी झाली तशी. विचारलं, रविना पण? म्हणाली, मंग, ती एकली हितं काय खाईल? तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला रागावता आलं असतं.

२७ नोव्हेंबर
भट्टीवर गेलो.

चांगो माती मळत होता. लांबूनच हात वर केला. रविना साच्यातून विटा पाडत होती. मला बघून ओढणीला हात पुसत धावत आली. सर, तुमी कशाला आलाव येवढ्या लांब? चेहरा उन्हाने काळवंडलाय. मी मोबाइल खिशातून काढलाच नाही.

बारावीचं विचारलं. म्हणाली, फारम नाय भरला. बघू पुढच्या वर्सी. ती असं म्हणाली की मला कळलं, पुढच्या वर्षी काही नाही.

मग मान खाली घालून म्हणाली, सर, माझ्यामुळं तुमचा प्रोजेक्ट फेल गेला ना? आमी गवत नीट काढला असता तर झाला असता. बाबा नको बोलत होता, मीच हो बोलायला लावला. आई रडते भट्टीवर, ती पन माझ्यामुळंच. तुमी येवढा माझ्यासाठी केलाव आन् मी वाया घालवला. सॉरी सर.

तिकडून मुकादमाची हाक आली. ती हलेना. उत्तरासाठी थांबली होती. मला पुष्कळ सांगायचं होतं, गोण्यांचं, रोपांचं, सगळं जिभेवर आलं होतं, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी चिडलोय की नाही एवढंच बघत होती. मुकादमाने दुसरी हाक मारली.

मी म्हटलं, असू दे गं. होतं असं. मी नाही रागावलो.

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. थँक्यू सर म्हणाली आणि पळत साच्यापाशी गेली.

घरी आल्यापासून कुणाली विचारतेय, काय झालं, जेवत का नाहीस. तिला काय सांगू? त्या पोरीने माझी माफी मागितली, आणि मी तिला माफ करून आलो.